आश्रुबांची जागा क्रमांक एक

पालीजवळच्या बिंदुसरा नदीच्या तलावावर आश्रुबा जोगदंड यांनी एकतीस वर्षे एकच काम केले. रोज सकाळी आठ वाजता पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीपाशी जायचे, पाणी कोणत्या रेघेला टेकले आहे ते वाचायचे आणि वहीत नोंदवायचे. पावसाळ्यात हेच काम तासातासाला. पाण्याला रविवार नसतो, म्हणून आश्रुबांनाही नव्हता. एकुलत्या एका मुलीच्या, आम्रपालीच्या लग्नादिवशीसुद्धा ते आठ वाजता पट्टीवर होते आणि साडेनऊला मांडवात. व्याह्यांकडच्या एका वडीलधाऱ्याने नाराजी दाखवली, तेव्हा आश्रुबांच्या पत्नी मंजुळाबाई यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने खुलासा केला होता, की आमच्या घरात आधी पाण्याची हजेरी होते, मग माणसांची.

या नेमामुळे लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत नवराबायकोने मिळून गावाबाहेर एक रात्रही काढली नव्हती. मंजुळाबाईंचे माहेर आष्टी तालुक्यातले कडा. तिथल्या लग्नकार्यालाही आश्रुबा सकाळची नोंद करून निघत आणि उद्याच्या नोंदीसाठी संध्याकाळच्या गाडीने परत फिरत. बाईंनी त्याबद्दल कधी भांडण केले नाही. मात्र कड्याच्या बायकांनी ‘जावईबापू कुठे’ असे विचारले, की त्या ‘पाण्यात’ एवढेच उत्तर देत.

निवृत्तीच्या दिवशी मिळालेले भिंतीवरचे घड्याळ खिळ्याला टांगण्याआधीच आश्रुबांनी बायकोला सांगून टाकले, की आता तुला समुद्र दाखवतो. त्यालाही दोन वर्षे झाली. मधल्या काळात मंजुळाबाईंचे गुडघे बिघडले. येत्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठरली आणि त्यानंतर वाळूत चालणे कधी जमेल याची डॉक्टरांनी खात्री दिली नाही. म्हणजे जायचे तर याच हिवाळ्यात जायचे होते.

जागा आम्रपालीमुळे कळली. ती तलवाड्याला शिक्षिका आहे. तिच्या शाळेतली मंडळी मागल्या वर्षी कोकणात, खाडीकाठच्या वेळशेत नावाच्या लहान गावी तंबू ठोकून राहून आली होती. एका बाजूला सुरूचे दाट बन, मागे डोंगरापर्यंत चढत गेलेले जंगल, समोर खाडीचे मुख आणि त्यापलीकडे समुद्र. तंबूत राहण्याची कल्पना आश्रुबांना तत्काळ पटली, कारण लॉजमध्ये खोली दुसरा ठरवतो, तंबूची जागा आपण ठरवतो. शिवाय बरोबर आप्पाराव येणार होते. आप्पाराव हे तलावावर मेंढरे पाण्याला आणणारे धनगर, आश्रुबांचे तीसेक वर्षांचे स्नेही. अर्धे आयुष्य त्यांनी पालाखाली काढले होते आणि स्लॅबच्या घरात त्यांचा जीव घुसमटतो, हे त्यांच्या घरच्यांनाही मान्य होते. दोघांच्या भेटीची एक रीत ठरून गेली होती: आप्पाराव ‘जय भीम’ म्हणत आणि आश्रुबा ‘राम राम’ म्हणत. आपापले नमस्कार त्यांनी कधीच एकमेकांना देऊन टाकले होते.

मंजुळाबाईंनी मात्र एक अट घातली. आम्रपाली दोन महिन्यांची असताना हे कुटुंब तलावाकाठच्या पत्र्याच्या चौकीत राहत असे. भादव्यातल्या एका रात्री दाराखालून पाणी आत आले. आश्रुबा पट्टीवर होते. बाईंनी लेकराला पत्र्याच्या पेटीवर ठेवले आणि उजाडेपर्यंत स्वतः घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. तेव्हापासून रोज निजण्यापूर्वी त्या अंथरुणावरून तळहात फिरवून ओल पाहतात, उन्हाळ्यातही पाहतात.

“समुद्र बगायचा हाय मला,” त्या म्हणाल्या. “पन अंथरुनाला ओल लागली तर मी तिथनंच माघारी. तुमी आन तुमचा आप्पा बसा मग मासे मोजीत.”

आश्रुबांनी शब्द दिला. पाण्याच्या बाबतीत आश्रुबा जोगदंडांनी शब्द द्यावा आणि तो खोटा पडावा, असे तोवर झालेले नव्हते.

मग नियोजन सुरू झाले आणि त्या घराला नवी पालवी फुटावी तसे झाले. आश्रुबांनी फुलस्केप कागदाचे दोन ताव चिकटवून एक तक्ता केला आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीशेजारी टांगला. निघण्याचा दिवस शनिवार, पहाटे पाच. गाडी जावई संजय यांची. चहा कड्याला, बाईंच्या भावाकडे. दुपारचे जेवण पुण्याच्या पुढे. ताम्हिणीचा घाट दिवसाउजेडी उतरायचा. ज्वारीचे पीठ चार किलो, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा जार. सहा जार वाचून आम्रपाली पोट धरून हसली आणि कोकणात विहिरी असतात, असे तिने सांगितले. आश्रुबांनी विचार करून एक जार कमी केला.

दिवस मात्र त्यांनी फार अभिमानाने निवडला होता. रविवारी माघी पौर्णिमा येत होती. मंजुळाबाई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात. या वेळी वंदना समुद्राकाठी करावी, ही एक सोय. दुसरी सोय आप्पारावांची. मेंढरे घेऊन मुक्काम हलवायचा तो चांदण्यात, ही त्यांच्या वाडवडिलांची शिकवण. चांदणे असले की बत्ती लागत नाही आणि लांडगा लांबून दिसतो. वेळशेतला लांडगे नाहीत असे आम्रपालीने सांगितले. लांडगा नसला तरी चांदण्याचे काही नुकसान होत नाही, असे आप्पारावांचे म्हणणे पडले.

राहिली तंबूची जागा. आम्रपालीच्या सहकाऱ्यांनी काढलेले एक छायाचित्र आश्रुबांनी मोठे छापून घेतले आणि तीन दिवस भिंग लावून वाचले. सुरूच्या बनाखाली उतार होता, मुळ्या होत्या, काटक्या होत्या. त्याच्या खाली मात्र सपाट, स्वच्छ वाळूचे मैदान पसरले होते, जणू कोणी मुद्दाम सारवून ठेवले आहे. पाणी त्याच्याही पलीकडे, बरेच दूर. आणि वाळूवर एक होडी कलती होऊन पडली होती.

त्या होडीवर आश्रुबांनी बोट ठेवले. तलावाकाठचे आयुष्य काढलेल्या माणसाला अशी होडी अचूक वाचता येते. दिवाळीनंतर पाणी रोज बोटभर उतरते. कोळ्याची होडी जिथे असते तिथेच जमिनीला टेकते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहते. उतरलेल्या पाण्यामागोमाग लोक ओल्या गाळात हरभरा पेरतात, टरबुजाचे वेल लावतात, राखणीला झोपडी बांधून निर्धास्त झोपतात. एकदा मागे सरलेले पाणी आभाळ फाटल्याशिवाय वर येत नाही, यावर सगळ्या पाली गावाचा हरभरा उभा असतो. होडी कोरडी पडली, याचा अर्थ ही जागा आषाढापर्यंत कोरडी. आश्रुबांनी तक्त्यावर शाईने लिहिले: ‘जागा क्रमांक १. होडीपासून चाळीस फूट, तोंड पूर्वेस. पूर्णपणे निर्धोक.’ खाली सही केली.

जानेवारीच्या मध्यात, एका रविवारी, तलावाकाठी रंगीत तालीम झाली. आम्रपालीने मागवलेला तंबू निळ्या रंगाचा होता. त्याच्या लवचीक काड्या आश्रुबांनी क्रमाने मांडल्या, सूचनापत्र मोठ्याने वाचले आणि पाऊण तासाने जे उभे राहिले ते बसलेल्या म्हशीसारखे दिसत होते. तेवढ्या वेळात आप्पारावांनी तीन काठ्या आणि एक जुनी ताडपत्री यांचे पाल ठोकून, आत चूल मांडून, चहाला उकळी आणली होती.

“जमतंय का बे, साहेब?” त्यांनी पालातून विचारले. “का पाठवू आमच्या मेंढ्याला मदतीला?”

आश्रुबांनी सूचनापत्राची घडी घातली आणि काड्या पुन्हा मोजल्या. एक काडी उलटी बसली होती. ती सुलटी झाल्यावर तंबू ताठ उभा राहिला आणि दोघे वृद्ध त्याच्याभोवती एकेक प्रदक्षिणा घालून आले. आप्पारावांची पत्नी दगडाबाई आत जाऊन बसून आली आणि हे मेंढराचे कोकरू ठेवायला बरे आहे, असा अभिप्राय तिने दिला.

मंजुळाबाई नुसत्या बघायला म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी तंबूच्या तळावर हात फिरवला, मग सतरंजीवर, मग गुडघा सांभाळत आडव्या झाल्या. तलावावरचा गार वारा दाराच्या जाळीतून येत होता. आश्रुबा बाहेर उभे राहून खुंटीची दोरी उगाच घट्ट करत होते. अखेर आतून आवाज आला, की येते मी. त्या दिवशी आश्रुबांनी तीन भाकरी खाल्ल्या. एरवी दोन खातात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबूच्या जागेचा नकाशा मोजमापांसह सुबक काढला, आम्रपालीकडून वेळशेतच्या जागामालकांचा क्रमांक घेतला आणि नकाशाचे छायाचित्र पाठवून दिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. गृहस्थ चाळिशीचे, नारळ-पोफळीची बाग असलेले, बोलण्यात मोकळे. इतका सुंदर नकाशा आपल्याला आजवर कोणी पाठवला नाही, असे त्यांनी प्रथम सांगितले.

“फक्त एक आहे काका,” ते पुढे म्हणाले. “तुम्ही जिथे तंबू काढलेत ना, तिथे पौर्णिमेला रात्री बारा वाजता माझी होडी तरंगत असते.”

वरून कुठून पाणी सोडतात काय, असे आश्रुबांनी विचारले. ते थट्टा करत आहेत असे वाटून गृहस्थ हसले. मग थट्टा नाही हे ध्यानात येताच त्यांनी नीट समजावून सांगितले. पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पौर्णिमा-अमावस्येला सर्वांत जास्त. छायाचित्र संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी काढलेले होते. किती चढते, असे आश्रुबांनी विचारले. पुरुषभर तर खरेच, कधी त्याहून वर, असे उत्तर आले.

भरती-ओहोटी हे शब्द आश्रुबांना ठाऊक नव्हते असे नाही. सातवीच्या भूगोलात त्यांनी ते पाठ केले होते आणि परीक्षेत कारणे लिहून गुणही मिळवले होते. पण पाठ केलेली ओहोटी पुस्तकातच राहिली होती. ती त्या वाळूवर, त्या होडीखाली उतरून आली नव्हती. फोन ठेवल्यावर ते अंगणात येरझारा घालू लागले. सहा तासांत पुरुषभर. ज्या माणसाने आयुष्यभर बोटाबोटाने उतरणारे पाणी मोजले, त्याला हा आकडा स्वस्थ बसू देईना. आपण भ्यालो आहोत की हरखलो आहोत, हे त्यांना ठरवता येत नव्हते. कोणाला तरी धरून सांगावे असे वाटत होते आणि ज्या एका माणसाला सांगायचे, त्यालाच सांगण्याची सोय उरली नव्हती. चौकीच्या दाराखालून पाणी आलेल्या बाईला, तुझ्यासाठी मी निवडलेल्या अंथरुणावर मध्यरात्री पुरुषभर पाणी येणार होते, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

दोन दिवस ते मान खाली घालून जेवले. मंजुळाबाईंनी पोट बिघडले का, म्हणून विचारले आणि ओवा दिला. तिसऱ्या दिवशी आश्रुबांनी आप्पारावांना गाठले. आप्पारावांना यात काही अवघड दिसले नाही. तंबू वर सुरूखाली ठोकावा आणि घरात ब्र काढू नये.

“आमी पन पाल ठोकल्यावर साप निघाला तर बायकूला न्हाई सांगत,” ते म्हणाले. “गुमान दुसरीकडं ठोकतो. वारं लागत न्हाई म्हनायचं.”

सल्ला व्यवहारी होता. आश्रुबा तो मानून घरी आलेसुद्धा. पण तक्त्यावर ‘पूर्णपणे निर्धोक’ हे शब्द आणि त्याखाली त्यांची सही होती. वहीतला आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, वरून गिरवायचाही नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते; शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. एकतीस वर्षांत त्यांना असे अकरा वेळा करावे लागले होते आणि अकराही चुका कोणीही उघडून वाचू शकत होते. त्यांनी लाल पेन घेतले, जागा क्रमांक एकवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: ‘रद्द. येथे पाणी येते.’ सही करून ते पाटावर बसून राहिले.

मंजुळाबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण त्या वाचतातच.

“कुटनं येतं?” त्यांनी विचारले.

आश्रुबांनी सगळे सांगितले. होडी, छायाचित्र, फोन, पौर्णिमा, पुरुषभर पाणी, आणि आपण तीन दिवस गप्प राहिलो हेही. शेवटी, आपला शब्द चुकला, तेव्हा तू यावेस असा आग्रह मी धरणार नाही, असेही ते म्हणाले.

बाईंचे हात पिठात थांबले होते. तवा तापून धुरावला, तरी त्यांनी आच कमी केली नाही. आश्रुबांनी उठून ती कमी केली.

“पाऊस न्हाई,” त्या स्वतःशीच जुळवत म्हणाल्या. “धरन सोडलं न्हाई. तरी येतंय?”

“येतंय.”

“आन कवा येनार ते आदीच ठाव असतंय?”

वर्षभराचे वेळापत्रक छापलेले असते, मिनिटांसह, असे आश्रुबांनी सांगितले. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बाराच्या पुढे एकदा आणि रात्री एकदा. मधल्या वेळी ते आपणहून परत जाते.

मंजुळाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, जे त्या कधीच करत नसत, आणि पाटावर आश्रुबांच्या समोर येऊन बसल्या. गुडघा दुखला असावा, पण चेहऱ्यावर त्याची खूण नव्हती.

“सांगून येतंय, तर मग भ्यायचं कावून?” त्या म्हणाल्या. “चौकीत आलतं ते चोरावानी आलतं. आन कड्याला आमी रांगंत घागरी लावून बसायचो, तर सांगून बी टँकर यायचा न्हाई. हे पानी टायमाला येतंय, दोनदा येतंय, आन कुनी वढून न्यायला लागत न्हाई. आवं, हेच बगायला जायचं ना मग? तुमी मला झोपायची जागा काय दावत बसलात?”

उत्तर द्यायला वेळच नव्हता, कारण बाईंचे प्रश्न सुरू झाले होते. येताना आवाज करते का. आधी कुठून दिसते. माणूस चालतो तितक्या वेगाने येते की मेंढरू चालते तितक्या. होडी एकदम उठते की हळूहळू. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आश्रुबांना ठाऊक नव्हते आणि तसे ते प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे म्हणाले. तीन दिवस दाबून ठेवलेला आनंद आता त्यांच्याच्याने आवरेना. सहा तासांत पुरुषभर म्हणजे तासाला किती, हे त्यांनी परातीतल्या पिठावर बोटाने मांडून दाखवले. बाईंनी तो हिशेब पाहून घेतला आणि मगच पीठ पुन्हा मळायला घेतले.

भाकऱ्या त्या दिवशी उशिरा झाल्या. अंथरूण वर, सुरूच्या बनात, झाडांच्या पहिल्या रांगेपेक्षा उंचावर, ही अट बाईंनी कायम ठेवली. ओलीच्या बाबतीत सवलत नव्हती. पण बसायची जागा त्यांना खाली, वाळूवर हवी होती. छायाचित्रात त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली: होडीच्या अगदी शेजारी. खुर्ची नको, गुडघ्यासाठी उंच पाट चालेल, आणि पाणी पाटाला लागले की मगच उठायचे.

एक अडचण मात्र निघाली. शनिवारी पोहोचायला संध्याकाळ होणार आणि रविवारी सकाळीच परत निघायचे ठरले होते, म्हणजे दिवसाउजेडीचे पाणी एकदाही नीट बघायला मिळणार नव्हते. मंजुळाबाईंनी आम्रपालीला फोन लावायला सांगितला आणि तो आपल्या कानाला धरला. सोमवारची रजा टाक, संजयरावांनाही टाकायला सांग, असे त्यांनी लेकीला बजावले. आम्रपालीने कारण विचारले असावे.

“रजा कावून म्हंजे?” मंजुळाबाई म्हणाल्या. “आईतवारी सकाळी तिकडून पानी निगतंय, बाराला पोचतंय. आपून त्येच्या आदी जाऊन बसाया नको का?”